नॅरोबोटीच्या तळाला चिकटलेले जीव : कालव्यातली कालवं, स्पंज आणि इतर मंडळी

कालवाकाठ (धागाकर्ता)
29 सप्टेंबर, रात्री 9.40

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोन कुटुंबांनी मिळून एक जुनी 57 फुटी नॅरोबोट घेतली. ती ग्रँड युनियन कालव्याच्या लेस्टर शाखेवर, फॉक्सटनच्या दहा लॉकांच्या वरच्या अंगाला बांधलेली असते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद; त्यात पाणी भरून किंवा सोडून नाव कालव्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेतात. आपल्याकडे कालवा म्हटला की नीरेचा किंवा मुठेचा, शेताला पाणी नेणारा कालवा डोळ्यांसमोर येतो आणि त्यात नाव घालण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. येथील कालवे मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मालवाहतुकीसाठीच खणले गेले, आणि मध्य इंग्लंडातील बरेचसे लॉक जेमतेम 7 फूट रुंदीचे बांधल्यामुळे नावाही तेवढ्याच अरुंद राहिल्या. आता त्यांतून कोळशाऐवजी आमच्यासारखे हौशी लोक फिरतात.

दर दोन-तीन वर्षांनी नाव सुक्या गोदीत घेऊन तळ खरवडावा लागतो आणि त्यावर डांबराचे थर द्यावे लागतात. याला येथे ‘ब्लॅकिंग’ म्हणतात. या वर्षी गोदीतले पाणी उतरल्यावर मी प्रथमच खाली उतरून तळ नीट पाहिला. पाण्याच्या रेषेवर हिरवे शेवाळ होते, ते अपेक्षितच होते. दोन्ही बाजू लॉकच्या भिंतींना घासून बऱ्यापैकी स्वच्छ होत्या. परंतु मागच्या बाजूला, जेथे नाव पंख्याकडे (प्रोपेलरकडे) निमुळती होत जाते, तेथे आणि सुकाणूच्या पात्याआड तीन निराळ्याच गोष्टी आढळल्या.

पहिली म्हणजे तळहाताएवढा, बोटाच्या पेराइतका जाड थर, भिजवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा. ज्या कडेला ऊन पोहोचत असावे ती कडा मात्र पोपटी होती. त्यावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे होती, आणि दाबल्यावर तो शिळ्या पावासारखा कुसकरत होता. दुसरी म्हणजे तपकिरी, दोऱ्याएवढ्या जाडीच्या नळ्यांचा गुंता, जणू नारळाची शेंडी कोणीतरी लोखंडावर चिकटवली आहे. तिसरी म्हणजे मॅग्नेशियमच्या अॅनोडच्या (पत्र्याऐवजी स्वतः झिजावा म्हणून तळाला लावलेल्या धातूच्या ठोकळ्याच्या) बेचक्यात बसलेले, नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे अकरा शिंपले.

गोदीतील कामगाराने या सर्वांना मिळून ‘बुरशी’ असे एकच नाव दिले आणि पाण्याचा फवारा हाती घेतला. मी त्याला थांबवून तिन्हींचे नमुने बरणीत भरून घेतले. ही वनस्पती आहे की प्राणी? ती पोलाद खाते का? आणि खरवडलेल्या ढिगाचे काय करावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खाडीकाठचा
29 सप्टेंबर, रात्री 10.15

कालव्यातली कालवं! मालवणी माणसाला यापुढे काही सुचणे कठीण आहे. त्या शिंपल्यांची तिखले होतात का, एवढेच आधी सांगावे.

आता गंभीरपणे लिहितो. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तेव्हा तळाला चिकटलेल्या टणक कवचांचा थर तासून काढणे हे अंगमेहनतीचे काम असते. शिडाच्या जहाजांच्या काळात खलाशी मुद्दाम जहाज नदीच्या गोड्या पाण्यात नेऊन ठेवत, म्हणजे तळावरचे समुद्री जीव मरून गळत. त्यामुळे गोड्या पाण्यात नावेचा तळ स्वच्छच राहत असेल, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. ती आज मोडली.

अंबाझरीकर
30 सप्टेंबर, सकाळी 7.05

मी नागपुरात प्राणिशास्त्र शिकवत असे. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी असे वर्णन वाचल्यावर गप्प बसवत नाही.

धागाकर्त्यांनी वर्णन इतके नेमके केले आहे की छायाचित्राची उणीव भासली नाही. पहिला थर हा गोड्या पाण्यातील स्पंज आहे. स्पंज म्हटला की लोकांना समुद्रच आठवतो. समुद्राच्या मानाने गोड्या पाण्यातील जाती मूठभर असल्या, तरी त्या जवळजवळ सगळ्या जगभर आहेत. तो निःसंशय प्राणी आहे, परंतु त्याला तोंड नाही, आतडे नाही, मज्जातंतूही नाहीत. अंगावरच्या सूक्ष्म रंध्रांतून तो पाणी आत ओढतो, त्यातील जिवाणू आणि कण आतल्या पेशी टिपून घेतात, आणि गाळलेले पाणी आपण पाहिलेल्या त्या मोठ्या छिद्रांतून बाहेर पडते. पोपटी रंग त्याचा स्वतःचा नसून त्याच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालाचा आहे, म्हणून ऊन लागलेली कडा हिरवी आणि सावलीतला भाग फिका.

दुसरा गुंता ब्रायोझोअन प्राण्यांचा असावा. या नावाचा शब्दशः अर्थ ‘शेवाळ-प्राणी’ असा होतो, आणि हे नाव ज्याने ठेवले त्याचीही प्रथमदर्शनी आपल्या कामगारासारखीच फसगत झाली असणार. प्रत्येक नळीत एक स्वतंत्र जीव असतो आणि सगळे मिळून वसाहत करतात. पाणी शांत असले की प्रत्येक नळीच्या तोंडातून घोड्याच्या नालेच्या आकाराचा, नाजूक स्पर्शकांचा तुरा बाहेर येतो.

दोन्हींची परीक्षा घरी करता येईल. ब्रायोझोअनचा तुकडा कालव्याच्याच पाण्यात, बशीत, अंधाऱ्या जागी तासभर न हलवता ठेवावा आणि मग भिंगातून पाहावे. स्पंजाचा चण्याएवढा तुकडा घरगुती ब्लीचमध्ये टाकावा. मांसल भाग विरघळून तळाशी पांढरी भुकटी उरेल. ती भुकटी म्हणजे वाळूच्याच द्रव्याच्या, म्हणजे सिलिकाच्या, सूक्ष्म सुया आहेत. त्याच सुयांमुळे वाळलेला स्पंज चोळला गेल्यास कातडीला खाज सुटते. रशियात हीच भुकटी ‘बद्यागा’ या नावाने मुकामारावर लावतात आणि पूर्वी गाल लाल दिसावेत म्हणून बायका ती गालांना चोळत. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये. वाळलेला थर खरवडताना नाकातोंडावर फडके बांधावे.

तिसऱ्याबद्दल मला चिंता वाटते. ते झेब्रा शिंपले आहेत.

कालवाकाठ
30 सप्टेंबर, रात्री 11.20

सर, मनःपूर्वक आभार. आत्ताच परीक्षा करून उठलो आहे, आणि बायको म्हणते आहे की स्वयंपाकघराला कालव्याचा वास येतो, तेही खरे आहे; स्पंजाचा वास फार कुजट आहे.

गुंत्याचा तुकडा पांढऱ्या बशीत ठेवून दिवा मालवला आणि तासाभराने मोबाइलचा मंद उजेड पाडून दहापट भिंगातून पाहिले. आधी काहीच दिसले नाही. मग एका नळीच्या टोकाशी धुरासारखे काहीतरी हलले आणि उमलले, त्याच्या शेजारी दुसरे, आणि बघता बघता मृत वाटणाऱ्या त्या नारळाच्या शेंडीवर तीस-चाळीस पारदर्शक तुरे उभे राहिले. टेबलाला माझा गुडघा लागला मात्र, आणि सगळे एकदम आत गेले. ते पुन्हा बाहेर यायला चार-पाच मिनिटे लागली. मोठ्या मुलीला उठवून दाखवले. तिने विचारले, “बाबा, यांना आपण पाण्याच्या फवाऱ्याने उडवणार होतो?” मी उत्तर दिले नाही.

स्पंजाच्या तळाशी आणखी एक गोष्ट दिसली. लोखंडाला चिकटलेल्या बाजूला खसखशीच्या दाण्याहून लहान, पिवळसर-तपकिरी गोल दाणे ओळीने बसले आहेत. ही कोणाची अंडी आहेत का? शिवाय त्यावर दोन-तीन मिलिमीटरची, हिरवट, केसाळ अळी फिरत होती.

अंबाझरीकर
1 ऑक्टोबर, सकाळी 6.50

ती अंडी नव्हेत. त्यांना जेम्यूल म्हणतात. थंडी जवळ आली की स्पंज आपल्या काही पेशी टणक वेष्टनात बंद करून ठेवतो. मूळ स्पंज हिवाळ्यात कुजून जातो आणि वसंतात त्या दाण्यांतून पेशी बाहेर पडून नवा स्पंज उभा राहतो. ब्रायोझोअनही असेच टणक दाणे करतात, त्यांना स्टॅटोब्लास्ट म्हणतात. बदकांच्या पायांना चिकटून, इतकेच काय पण त्यांच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडूनही, ते एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात.

अळी मिळाली हे आपले भाग्य. ती सिसिरा नावाच्या कीटकाची अळी असणार. ती स्पंजावरच राहते आणि सुईसारख्या मुखांगांनी स्पंजाच्या पेशी शोषून जगते. मोठी झाल्यावर पाण्याबाहेर येऊन रेशमी जाळीच्या कोशात शिरते. तात्पर्य, आपल्या सुकाणूवर एक भाडेकरू आहे आणि भाडेकरूच्या घरात पोटभाडेकरू आहे.

यंत्रघर
1 ऑक्टोबर, दुपारी 1.30

मी जहाजांच्या देखभालीच्या क्षेत्रातला आहे. ‘हे जीव पोलाद खातात का’ या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो.

स्पंज आणि ब्रायोझोअन पोलाद खात नाहीत. त्यांना टेकायला टणक पृष्ठभाग हवा असतो. दगड, बुडालेली फांदी आणि आपली नाव यांत त्यांच्या लेखी फरक नाही. आपल्या नावेचे पत्रे सामान्यतः तळाला 10, बाजूंना 6 आणि वरच्या खोलीला 4 मिलिमीटर असतात. ते झिजण्याची खरी कारणे अन्यत्र शोधावीत. धक्क्यावरून वीज घेत असाल आणि मध्ये गॅल्व्हानिक आयसोलेटर (अर्थिंगच्या तारेतला क्षीण प्रवाह अडवणारे उपकरण) बसवलेला नसेल, तर अर्थिंगच्या तारेतून आपली नाव शेजारच्या नावांशी जोडली जाते आणि आपले अॅनोड शेजाऱ्याच्या नावेसाठी झिजतात. अॅनोड संपले की पाळी पत्र्याची. गोड्या पाण्यात अॅनोड मॅग्नेशियमचेच हवेत. समुद्रातले जस्ताचे अॅनोड येथे नीट काम करत नाहीत.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावे. नारिंगी गंजाचा फुगा दिसला आणि तो फोडल्यावर आत काळे पाणी व खाली चकचकीत, वाटीसारखा खड्डा दिसला, तर ते जिवाणूंमुळे झालेले क्षरण आहे. जेथे प्राणवायू पोहोचत नाही अशा चिकट थराखाली सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात आणि तेथे पत्रा भराभर खड्डावतो. तो खड्डा धुऊन, ब्लीचने निर्जंतुक करून, पुन्हा धुऊन आणि पूर्ण वाळवूनच डांबर लावावे. नुसते डांबर फासले तर रोग आत कोंडला जातो.

शिंपले काढताना ओढून काढू नयेत. ते चिवट धाग्यांनी चिकटलेले असतात आणि ओढल्यास धाग्यांबरोबर डांबराची खपली निघते. पातळ पात्याच्या सुरीने धागे कापावेत.

पाणवठा
1 ऑक्टोबर, सायंकाळी 5.10

एवढा खटाटोप करण्यापेक्षा समुद्री नावांना लावतात तसा तांब्याचा जीवरोधक रंग का लावू नये? एकदा रंग दिला की जीव चिकटण्याचा प्रश्नच मिटला. शिवाय, तळावर असे जीव असणे म्हणजे पाणी स्वच्छ असल्याचे लक्षण, असेही कोठेतरी वाचले होते.

यंत्रघर
1 ऑक्टोबर, सायंकाळी 7.45

पाणवठा, कालव्यात ताशी 4 मैलांहून जास्त वेगाने जायला परवानगीच नाही, त्यामुळे तळावरच्या थराने जो काही वेग कमी होईल तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. समुद्रावर त्याच थराने इंधनाचा खर्च वाढतो, म्हणून तेथे तो रंग परवडतो. पोलादावर तांब्याचा रंग देताना मध्ये पक्का अलगथर नसेल तर तांबे आणि पोलाद यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होऊन पत्राच जातो, हे वेगळे.

जीवरोधक रंगांचा इतिहासही फारसा चांगला नाही. ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचे विषारी संयुग असलेले रंग इतके घातक ठरले की ब्रिटनने 1987 मध्येच 25 मीटरपेक्षा लहान नावांवर त्यांना बंदी घातली. नॉरफोक ब्रॉड्समधील उथळ तळ्यांच्या गाळाचे थर तपासल्यावर असे दिसले की तेथील पाणवनस्पती नाहीशा होण्याचा काळ आणि हे रसायन गाळात उतरण्याचा काळ जुळतो. गोड्या पाण्याचा साठा लहान असतो, विष विरायला तेथे समुद्र नसतो.

अंबाझरीकर
1 ऑक्टोबर, रात्री 9.00

पाणवठा यांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल लिहितो. ‘जीव आहेत म्हणजे पाणी स्वच्छ’ हे समीकरण इतके सरळ नाही. स्पंजाला गाळ सोसत नाही. पंख्यांनी ढवळून निघालेल्या, चहाच्या रंगाच्या कालव्यात त्याची रंध्रे बुजतात. म्हणून तो बहुधा फार न फिरणाऱ्या नावेवर, गाळ न साचणाऱ्या उभ्या किंवा खालच्या बाजूला मिळतो. धागाकर्त्यांना तो सुकाणूच्या पात्याआड मिळाला, यात नवल नाही. उलट, नळ्यांचे ब्रायोझोअन पोषकद्रव्यांनी भरलेल्या, म्हणजे आपण ज्याला अस्वच्छ म्हणू अशा पाण्यातही जोमाने वाढतात. त्यामुळे कोणता जीव आहे हे कळल्याशिवाय पाण्याची परीक्षा करता येत नाही.

खाडीकाठचा
2 ऑक्टोबर, दुपारी 12.20

सर, हे सगळे आपल्याकडेही असते का? मी आयुष्यभर नद्या-तळ्यांत डुंबलो आहे, पण गोड्या पाण्यातला स्पंज पाहिल्याचे आठवत नाही.

अंबाझरीकर
2 ऑक्टोबर, रात्री 10.30

आपण तो पाहिला असेल, शेवाळ समजून पुढे गेला असाल. या विषयाचा जुना अभ्यास तर चक्क मुंबईतच झालेला आहे, आणि आम्हा नागपूरकरांचाही त्यात वाटा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर मुंबईत होता. 1840 च्या दशकाच्या अखेरीस त्याने मुंबई बेटावरच्या तलावांतील स्पंजांचा अभ्यास केला आणि 1849 मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन छापले. स्पंज प्राणी की वनस्पती, हा वाद तेव्हा पुरता मिटलेला नव्हता. रॉबर्ट ग्रँटने एडिंबरोत 1825 च्या सुमारास स्पंजातून वाहणारे पाणी दाखवून दिले होते, तरी शंका घेणारे होतेच. मुंबईच्या तलावांचे वैशिष्ट्य असे की उन्हाळ्यात पाणी आटले की काठावरचे स्पंज उघडे पडून वाळत आणि पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा उगवत. इंग्लंडचा स्पंज जे दाणे थंडी काढण्यासाठी करतो, तेच दाणे आपला स्पंज उन्हाळा काढण्यासाठी करतो. आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या एका स्पंजाला पुढे 1863 मध्ये कार्टरचेच नाव दिले गेले. आज तो युनापियस कार्टेरी या नावाने ओळखला जातो. त्या काळच्या मुंबईतले बहुतेक तलाव बुजवले गेले. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक अशी नावे तेवढी राहिली, आणि त्या नावांच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या कोणालाही तेथे कधी काळी पाणी होते याची आठवण नसते.

आता नागपूर. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी येथे होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय सर्वांना ठाऊक आहे, भूगर्भशास्त्रातले त्यांचे काम काहींना ठाऊक आहे, पण त्यांनी येथल्या तळ्यांतून एक ब्रायोझोअन शोधला आणि कार्टरने 1858 मध्ये त्याचे नाव हिस्लोपिया लॅकस्ट्रिस ठेवले, हे आमच्या विद्यार्थ्यांनाही सांगावे लागे. तो धागाकर्त्यांच्या गुंत्यासारखा उभा वाढत नाही. शिंपल्यावर, दगडावर किंवा पानावर पापुद्र्यासारखा चपटा पसरतो. त्याचे बहुतेक नातेवाईक समुद्रात राहतात, त्यामुळे समुद्रापासून इतक्या दूर नागपुरात तो सापडावा हे मला अजूनही मौजेचे वाटते. हिस्लॉप 1863 मध्ये पुराच्या पाण्यात बुडून वारले.

पुढे नेल्सन अॅनंडेल यांनी 1911 मध्ये हिंदुस्थानातील गोड्या पाण्याच्या स्पंजांवर, हायड्रांवर आणि ब्रायोझोअन प्राण्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात इगतपुरीच्या तलावातले नमुने आहेत. तेव्हा खाडीकाठचे साहेब, पुढच्या वेळी घाटातल्या एखाद्या जुन्या तलावाच्या पायरीखाली हात घालून पाहावे. पाणी खाली गेलेले असले तर दगडाच्या खालच्या अंगाला तो हमखास भेटतो.

शॅननतीरी
3 ऑक्टोबर, सायंकाळी 6.00

धागा आवडला. मी आयर्लंडमध्ये लिमरिकला असते, आणि येथे झेब्रा शिंपला हा शब्द नाव बाळगणाऱ्या लोकांसमोर उच्चारला तर तासभर सुटका होत नाही. धागाकर्त्यांनी अकरा शिंपल्यांचा उल्लेख ओझरता केला, म्हणून लिहिते आहे.

हा प्राणी मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या भागातला. ब्रिटनमध्ये तो 1824 मध्ये लंडनच्या गोदीत आढळला. बाल्टिक भागातून येणाऱ्या इमारती लाकडाबरोबर तो आला असावा असे मानतात. कालव्यांचे जाळे तेव्हा तयारच होते, त्यामुळे तो देशभर पसरला. आयर्लंड मात्र पुढची पावणेदोनशे वर्षे त्यापासून मुक्त राहिले, कारण मध्ये खारा समुद्र आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपच्या सामायिक बाजारपेठेमुळे ब्रिटनमधून जुन्या नावा विकत आणणे स्वस्त झाले. त्या नावा ट्रकवर किंवा जहाजावर चढून आल्या, त्यांच्या तळाला शिंपले चिकटलेले होते, आणि शॅनन नदीवरच्या लॉख डर्ग सरोवरात ते उतरले. तशातच 1994 मध्ये शॅनन आणि अर्न या दोन नद्यांना जोडणारा जुना कालवा दुरुस्त होऊन खुला झाला. पर्यटनासाठी ती फार चांगली गोष्ट होती. दोन वर्षांत शिंपले लॉख अर्नमध्ये पोहोचले. तेथील मूळचे मोठे शिंपले, ज्यांच्या कवचावर ही पिल्ले शेकड्यांनी बसली, ते जवळजवळ नाहीसे झाले.

एरवी गोड्या पाण्यातल्या आपल्या ओळखीच्या मोठ्या शिंपल्यांच्या अळ्या माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, त्यामुळे मासा जाईल तेथेच ते जातात. झेब्रा शिंपल्याच्या अळ्या पाण्यात मोकळ्या तरंगतात आणि प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात. प्रवाहाच्या उलट दिशेने किंवा एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायला मात्र त्यांना वाहन लागते, आणि ते वाहन आपण पुरवतो. त्यातून 2014 मध्ये लंडनच्या पश्चिमेला, रेझबरीजवळ, त्याचाच भाऊ क्वागा शिंपलाही ब्रिटनमध्ये मिळाला आहे.

यंत्रघर
3 ऑक्टोबर, रात्री 8.10

याच कुळातला एक चुलतभाऊ, मायटिलॉप्सिस सॅलेई, मूळचा कॅरिबियन भागातला, 1960-70 च्या सुमारास विशाखापट्टणम आणि मुंबईच्या गोद्यांत आला. तो निमखाऱ्या पाण्यातही सुखाने राहतो. तोही जहाजांबरोबरच आला असणार.

धागाकर्त्यांना एक दिलासा देतो. बहुतेक नॅरोबोटींचे इंजिन बाहेरचे पाणी आत घेत नाही. पत्र्याला आतून जोडलेल्या स्किन टँकमध्येच पाणी फिरून थंड होते. त्यामुळे शिंपल्यांनी नळी तुंबून इंजिन तापणे हा प्रकार आपल्याकडे होणार नाही. बाहेरचे पाणी ओढणाऱ्या फायबरच्या नावांना तो त्रास होतो.

कालवाकाठ
4 ऑक्टोबर, रात्री 10.50

शॅननतीरी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गोदीवर गेलो. तोपर्यंत फवाऱ्याचे काम पूर्ण झाले होते. गोदी कोणती हे लिहीत नाही, माणसे कामाला चांगली आहेत. परंतु खरवडलेला सगळा ढीग त्यांनी झाडून गोदीच्या दारापाशी लोटून ठेवला होता आणि दार उघडल्यावर तो पाण्याबरोबर कालव्यात जाणार होता. मी विनंती केली तेव्हा मालक म्हणाले की जे कालव्यातून आले ते कालव्यात गेले तर काय बिघडले?

प्रश्न रास्त होता, आणि मला दोन मिनिटे उत्तर सुचले नाही. मग ध्यानात आले की ते ‘त्या’ कालव्यातून आलेलेच नाही. या उन्हाळ्यात आम्ही दोन महिने फॉक्सटनचे लॉक उतरून खाली लेस्टरकडे, सोअर नदीच्या पाण्यात होतो. शिंपले बहुधा तेथे चढले. आमची नेहमीची जागा मात्र वरच्या सपाटीवर आहे. तेथे 20 मैल एकही लॉक नाही आणि पाणी वरच्या जलाशयांतून येते. म्हणजे सोअरचे शिंपले दहा लॉक चढवून वर आणण्याचे काम माझ्याच नावेने केले. मालकांना हे असे सांगितल्यावर ते जरा वेळ शिंपल्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले की गेल्या वर्षीही एका नावेला दिसले होते. ढीग पोत्यांत भरून कचऱ्याच्या डब्यात गेला. पोती मीच भरली. कंबर अजून धरलेली आहे.

आता अॅनोडच्या बेचक्यात आणि पंख्याच्या झडपेच्या आत, जेथे फवारा पोहोचत नाही, तेथे काय करावे?

शॅननतीरी
5 ऑक्टोबर, सकाळी 9.15

गरम पाणी. 45 अंश सेल्सिअसचे पाणी पंधरा मिनिटे लागू दिले तर अळ्या आणि पिल्ले जगत नाहीत. दोऱ्या, वल्ही, बूट, मासेमारीची जाळी या सुट्या वस्तूही तशाच धुऊन खडखडीत वाळवाव्यात. थंड, ओलसर हवेत शिंपला कवच मिटून पाण्याबाहेर अनेक दिवस काढतो, त्यामुळे दोरी ‘वरून कोरडी’ दिसणे पुरेसे नाही. येथे आता नाव एका सरोवरातून दुसऱ्यात हलवण्यापूर्वी ही सवयच झाली आहे.

सुगरण
5 ऑक्टोबर, दुपारी 3.30

इतके दिवस नुसती वाचत होते. एक भाबडा प्रश्न आहे. ते स्पर्शकांचे तुरे मुलांना दाखवायला घरच्या मत्स्यपेटीत पाळता येतील का?

अंबाझरीकर
5 ऑक्टोबर, रात्री 9.40

ताई, प्रश्न भाबडा मुळीच नाही. परंतु ते अवघड आहे. हे प्राणी पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म अन्न गाळून खातात आणि मत्स्यपेटीतले पाणी त्यांच्या मानाने उपासाचे असते. चार-सहा दिवस पाहून घ्यावे आणि नंतर ते पाणी गटारात किंवा ओढ्यात न ओतता बागेत ओतावे. जेम्यूल मात्र सहज टिकतात. धागाकर्त्यांनी काही दाणे बशीत, उबदार खोलीत ठेवून पाहायला हरकत नाही. काही जातींच्या दाण्यांना आधी दीर्घ थंडी लागते, काहींना नुसती ऊब पुरते. कोणती जात आहे ते सुयांवरून कळेल.

कालवाकाठ
19 ऑक्टोबर, रात्री 11.05

उशीर झाला, क्षमस्व. नाव पुन्हा पाण्यात उतरली आहे. डांबराचे तीन थर दिले, आयसोलेटर बसवला (यंत्रघर यांचे आभार, तो खरोखरच नव्हता), आणि डाव्या बाजूला मागे दोन गंजाचे फुगे सापडले. एक फोडल्यावर आत अगदी त्यांनी लिहिले तसेच काळे पाणी निघाले. गंमत अशी की स्पंज जेथे होता तेथला पत्रा सगळ्यात निर्मळ निघाला.

मुलीच्या शाळेतले सूक्ष्मदर्शक एका शनिवारी वापरायला मिळाले. ब्लीचमध्ये उरलेली भुकटी काचेवर घेतली. आधी दिसल्या त्या गुळगुळीत, दोन्ही टोकांना अणकुचीदार सुया, काचेच्या तुकड्यांसारख्या चमकणाऱ्या. मग सरांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे जेम्यूलचे दाणे वेगळे ब्लीचमध्ये घालून पाहिले, तेव्हा त्यांत सुया नव्हत्या, तर दोऱ्याची बारीक रिळे होती: मध्ये एक दांडा आणि दोन्ही टोकांना दातेरी चकती. दांडा चकतीच्या व्यासापेक्षा लांब होता. सरांच्या मते हा एफिडेशिया फ्लुव्हिएटिलिस, ज्याच्या दाण्यांना थंडीची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून दहा-बारा दाणे कालव्याच्या गाळलेल्या पाण्यात, काचेच्या झाकणात, रेडिएटरवरच्या फळीवर ठेवले. पाचव्या दिवशी सकाळी मुलीने हाक मारली. तीन दाण्यांभोवती साबणाच्या फेसाच्या कडेसारखे पांढरे, अर्धपारदर्शक वर्तुळ पसरले होते, काचेला घट्ट चिकटलेले. परवा त्यातल्या एकावर बारीक धुराड्यासारखी नळी उभी राहिली. मुलीने तिच्या तोंडाशी शाईचा एक सूक्ष्म थेंब सोडला, आणि भिंगातून आम्हा दोघांना तो थेंब नळीपासून दूर ढकलला जाताना दिसला.

बायकोने फळी रविवारपर्यंत रिकामी करायला सांगितली आहे. झाकणातले पाणी गुलाबाच्या आळ्यात जाईल.

खाडीकाठचा
20 ऑक्टोबर, सकाळी 8.00

आणि त्या अकरा शिंपल्यांचे काय केलेत?

कालवाकाठ
20 ऑक्टोबर, सकाळी 8.25

उकळले. तिखले केलेले नाही. प्रत्येकात जेमतेम मोहरीएवढे मांस निघाले.